‘अपडेट करा’ असे सांगणारा कोण आहे?

आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर आम्हीच स्केचपेनने पाच सूचना लिहिल्या होत्या. चपला बाहेर काढाव्यात, जाताना पंखा बंद करावा, मोबाइलवर मोठ्याने बोलू नये, पुस्तक जागेवर ठेवावे. पाचवी सूचना होती, ‘संगणक नेहमी अपडेट ठेवावा.’ या पाचव्या सूचनेमुळेच आमचा एकुलता एक संगणक ऐन शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत बंद पडला. ती हकीकत सांगायची आहे, कारण त्या दिवशी आम्ही ज्याच्यावर ओरडलो तो दोषी नव्हता आणि जे दोषी होते त्यांत आम्हीही होतो.

रोडपाली म्हणजे कळंबोलीला लागून असलेले गाव. सिडकोने जमिनी घेतल्यावर गावठाण तसेच राहिले आणि भोवती सेक्टर उभे राहिले. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कळंबोलीचे लोखंड मार्केट, मध्ये जेएनपीटीकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगा. आमच्या अभ्यासिकेत येणारी मुले बहुतेक याच तिन्हींवर पोट असलेल्या घरांतली. कुणाचे वडील कारखान्यात कंत्राटी, कुणाचे ट्रेलरवर, कुणाची आई चार घरची कामे करते. घरात मोबाइल असतो, संगणक नसतो. म्हणून विहाराच्या मागच्या खोलीतला तो एक संगणक पस्तीस-चाळीस मुलांचा होता.

शिष्यवृत्तीचा किंवा भरतीचा अर्ज ज्याने भरला आहे त्याला माहीत आहे, की खरा छळ अर्जाचा नसतो, फोटोचा असतो. फोटो इतक्या केबीच्या आत, सही तितक्या केबीच्या आत, जातीचा दाखला पीडीएफमध्ये. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा. मग मुले गुगलवर शोधतात, ‘फोटो साइज कमी कसा करायचा’. पहिल्या दहा उत्तरांत निम्म्या जागा अशा, की जिथे ‘डाउनलोड’ लिहिलेली चार हिरवी बटणे दिसतात आणि त्यांतली तीन जाहिराती असतात.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली आमची एक मुलगी अशाच एका जागी पोहोचली. पडद्यावर चौकट आली. ब्राउझरचे ओळखीचे गोल चिन्ह, खाली इंग्रजीत, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, पुढे जाण्यासाठी अपडेट करा. तिने केला. अर्ध्या तासात ब्राउझरचे पहिले पान बदलले, काहीही शोधले तरी भलतीकडेच जाऊ लागले, कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात १७ व्हायरस आहेत’ अशा चिठ्ठ्या उगवू लागल्या. कुणी न बोलावता ‘संगणक स्वच्छ करणारे’ एक आणि ‘ड्रायव्हर सुधारणारे’ एक अशी दोन ॲप्लिकेशन्स येऊन बसली आणि पैसे मागू लागली. संध्याकाळपर्यंत यंत्र हलेना. अर्जाला दोन दिवस उरले होते.

आम्ही आलो आणि सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. “दिसेल त्यावर क्लिक करता तुम्ही!” ती काही वेळ गप्प होती. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, “दादा, तुम्हीच लिहिलंय ना, अपडेट ठेवा म्हणून.”

या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तिने आणि आणखी चौघींनी कळंबोलीतल्या सायबर कॅफेत रांग लावून, खिशातले पैसे घालून अर्ज भरले. अर्ज गेले. पण आमची झोप उडवणारी गोष्ट वेगळीच होती. त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षभरातल्या मुलांचे आधार कार्ड, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकची पहिली पाने पडून होती. कुणी पुसली नव्हती, आम्हीही कधी पुसायला सांगितले नव्हते. काही मुलांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले होते. जातीचा दाखला मिळवायला ज्या बापाने गावी चार खेपा मारल्या, त्याच्या त्या कागदाची प्रत कुणाच्या हाती गेली की नाही, हे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक जाणणारा एक मित्र आला. त्याने आधी नेटची वायर काढली आणि मग आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. विंडोजचे शेवटचे अपडेट कधी झाले? दोन वर्षांपूर्वी. का? कारण संगणक आणला तेव्हा तो बसवून देणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी क्रॅक केलेले विंडोज टाकले होते आणि सांगून गेला होता, “अपडेट बंदच ठेवा, नाहीतर चोरीचं आहे हे ओळखेल.” क्रॅक चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, म्हणजे डिफेंडर, त्याने बंद केला होता. हे आम्हाला माहीत होते. वर्गणीतले काही हजार रुपये वाचले म्हणून आम्ही खूशही होतो.

म्हणजे चित्र असे होते. खरे अपडेट आम्ही दोन वर्षे दाराबाहेर ठेवले. पहारेकऱ्याला सुट्टी दिली. चाळीस मुलांना एकच खाते दिले आणि त्या खात्याला काहीही बसवण्याचा अधिकार दिला. वर भिंतीवर लिहिले, अपडेट ठेवा. आणि खोटे अपडेट आले तेव्हा दोष दिला एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बोटाला.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही पीडितालाच दोषी ठरवण्याच्या वृत्तीवर पानेच्या पाने लिहिली होती. शाळा सुटली तर मुलगा आळशी, आजार झाला तर बाई अस्वच्छ, कर्ज झाले तर शेतकरी उधळ्या. व्यवस्थेत ज्याच्या हाती सर्वांत कमी, त्याच्यावर जबाबदारी सर्वांत जास्त. ते सगळे परीक्षेत लिहिले, गुण मिळवले आणि आपल्याच अभ्यासिकेत तेच केले. संगणकाच्या जगात तर हे वाक्य ब्रह्मवाक्य होऊन बसले आहे : ‘चूक यंत्राची नसते, वापरणाऱ्याची असते.’ हे खरे आहे का, ते तपासू.

त्यासाठी फार लांब जायला नको. आमच्या दारावरून जाणारे ट्रेलर जिथे जातात, त्या न्हावा-शेव्याच्या बंदरात जाऊ.

२७ जून २०१७ रोजी जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हे टर्मिनल चालवत होती मर्स्क या डेन्मार्कच्या बड्या जहाज कंपनीच्या समूहातली एपीएम टर्मिनल्स. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे आणि तो कोणत्या गाडीवर चढवायचा, हे सांगणारे संगणकच गेले. बंदराबाहेर वाहनांची कोंडी होऊ नये म्हणून प्रशासनाला धावपळ करावी लागली. आमच्या ओळखीचे एक ट्रेलर चालवणारे काका त्या दिवसांत घरी बसून होते. विचारले तर म्हणाले, “बंदरातला कॉम्प्युटर बसलाय.” त्यांना एवढेच सांगण्यात आले होते.

तो का बसला? युक्रेनमध्ये कंपन्यांचे कर भरण्यासाठी ‘एम.ई.डॉक’ नावाचे सॉफ्टवेअर वापरले जाते. हल्लेखोर त्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरमध्येच शिरले आणि सॉफ्टवेअरच्या खऱ्या अपडेटच्या वाटेनेच विष पाठवले. त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. ते पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागत होते, पण तो देखावा होता. पैसे भरले तरी फायली परत मिळण्याची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयात ते कर-सॉफ्टवेअर होते. तिथून आग कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरली आणि न्हावा-शेव्यापर्यंत आली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसच्या परिषदेत जाहीरपणे सांगितले, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे धरले गेले. अमेरिका आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले.

आता सांगा, यात ‘वापरणाऱ्याची’ चूक कोणती? युक्रेनमधल्या त्या कारकुनाने भलत्या चौकटीवर क्लिक केले नव्हते. त्याने नेमून दिलेले सॉफ्टवेअर वापरले आणि ते नेहमीप्रमाणे अपडेट झाले. आणि आमच्या ट्रेलरवाल्या काकांनी तर संगणकाला हातही लावला नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. ‘ईस्कॅन’ हे मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचे अँटिव्हायरस. एप्रिल २०२४ मध्ये ‘अवास्ट’ या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले, की या अँटिव्हायरसच्या अपडेटच्या वाटेचा गैरफायदा घेऊन काही हल्लेखोर मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत चोरदरवाजे बसवत होते. अपडेट ज्या वाटेने येत होते ती साध्या एचटीटीपीची, म्हणजे कुलूप नसलेली होती. वाटेत बसलेल्याने खरे पुडके काढून घेतले आणि आपले पुढे सरकवले. संशोधकांनी कंपनीला आणि सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवले होते आणि ३१ जुलै २०२३ रोजी दुरुस्ती झाल्याचे कंपनीने सांगितले. या प्रकाराला त्यांनी नाव दिले ‘गुप्तीमायनर’. मराठी माणसाला गुप्ती सांगायला नको. बाहेरून काठी, आत पाते. रक्षणासाठी घेतलेल्या काठीतच पाते निघाले, तर काठी धरणाऱ्याला अडाणी म्हणणार का?

या दोन उदाहरणांवरून कुणी म्हणेल, मग अपडेट करूच नये. आम्ही दोन वर्षे तेच केले होते आणि ते त्याहून मोठे संकट आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक गंभीर भोक बुजवणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ कोसळले आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. नॉटपेट्याने जाळ्याच्या आत पसरताना वापरलेल्या मार्गांतही हेच भोक होते. नेहमीच्या मार्गाने आलेले अपडेट विषारी निघणे ही विरळा गोष्ट आहे. अपडेट न केल्यामुळे लुटले जाणे आणि खोट्या अपडेटला फसणे या रोजच्या गोष्टी आहेत. रोजच्या गोष्टींपासून वाचण्याचे ज्ञान आपल्या वस्तीत पोहोचले पाहिजे. ते तंत्रज्ञांची मक्तेदारी नाही.

आम्ही जे शिकलो ते सरळ शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, अपडेट करा असे कोण सांगते आहे ते पाहा. वेबसाइटच्या पानावर उगवलेली चौकट तुमचा संगणक तपासू शकत नाही. तिथे दिसणारे ‘१७ व्हायरस’ हे चित्र असते, तपासणी नव्हे. क्रोमचे खरे अपडेट क्रोमच्या आत, वरच्या तीन ठिपक्यांत, ‘अबाउट गुगल क्रोम’मध्ये होते. विंडोजचे अपडेट सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्येच. चौकट दिसली की पान बंद करा आणि स्वतः तिथे जाऊन पाहा. खरे अपडेट असेल तर ते तिथे तुमची वाट पाहत असते, पळून जात नाही. घाई करतो तो बहुधा ठग. एक चाणाक्ष प्रश्नही लक्षात ठेवा : फ्लॅश प्लेयर अपडेट करा असा निरोप आला तर? ॲडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंदच केले. मेलेल्या माणसाच्या नावाने आलेले ते पत्र आहे.

दुसरी गोष्ट, ओळखीची वेबसाइट आहे म्हणून चौकट खरी ठरत नाही. चांगल्या वेबसाइट फोडून त्यांवर खोट्या अपडेटची चौकट लावण्याचा धंदा इतका जुना आहे, की सुरक्षा अभ्यासकांनी त्याला ‘फेक अपडेट्स’ हेच नाव देऊन टाकले आहे. अलीकडे नवा प्रकार आला आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणतात आणि विंडोज व आर ही बटणे दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगतात. तसे करणे म्हणजे चोराच्या हुकमाचा कागद स्वतःच्या सहीने आपल्याच यंत्राला देणे. कोणतीही खरी वेबसाइट हे सांगत नाही.

तिसरी गोष्ट, फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात दुसरी सॉफ्टवेअर असतात. बसवताना ‘एक्स्प्रेस’ निवडले की सगळी येतात. ‘कस्टम’ निवडून आधीच लावलेल्या खुणा काढाव्यात. विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू करावी. फोटो लहान करण्यासाठी तर काहीच उतरवून घ्यायला नको. विंडोजच्या पेंटमध्ये ‘रिसाइज’ आहे. हे एक वाक्य आम्ही मुलांना आधी सांगितले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

चौथी गोष्ट, अधिकार वाटून द्या. रोज वापरायचे खाते साधे ठेवावे आणि नवीन काही बसवायचे असेल तर लागणारा पासवर्ड एक-दोन जबाबदार माणसांकडेच असावा. काही न विचारता येऊन बसणाऱ्या ॲपला यामुळे पुष्कळ अडथळा होतो.

पाचवी गोष्ट, फसलात तर लपवू नका. नेट तोडा. ॲप्सच्या यादीत तारखेप्रमाणे पाहून त्या दिवशी आलेली काढा, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढा, कोणत्या वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी गेली आहे ते पाहून ती रद्द करा, डिफेंडरची पूर्ण तपासणी चालवा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या यंत्रावरून. शंका उरली तर यंत्र पुसून नव्याने उभे करा, आम्ही तेच केले. सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडे सफाईची साधने फुकट मिळतात. पैसे गेले तर लगेच १९३० क्रमांकावर कळवा. आणि हे सगळे मोबाइललाही लागू आहे. वाहनाचा दंड, बँकेचे केवायसी अपडेट, लग्नाची पत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. आपल्या वस्तीत बहुतेकांचा संगणक खिशातच आहे.

आता मूळ मुद्दा. १४ एप्रिलला आपण संगणक भेट देतो. प्रतिमेला हार, संगणकाला हार, देणाऱ्याचा सत्कार, फोटो. यात वाईट काही नाही. पण आमच्या वर्गणीच्या वहीत मंडपाचा खर्च आहे, बॅनरचा आहे, साउंडचा आहे. संगणकाच्या देखभालीसाठी एक ओळ नव्हती. कार्यालयांनी टाकून दिलेली यंत्रे आपल्याकडे येतात. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि यातली कित्येक यंत्रे विंडोज ११ ला चालत नाहीत. म्हणजे ज्यांना परवडते त्यांच्याकडे पहारेकरी असलेले यंत्र आणि आपल्या मुलांकडे दार उघडे असलेले. हीसुद्धा विषमताच आहे. ती जातीच्या रकान्यात दिसत नाही एवढेच.

यावर क्रॅक हा उपाय नाही, हे आम्ही किंमत मोजून शिकलो. परवाना परवडत नसेल तर लिनक्स आहे. उबुंटू आहे, मिंट आहे, आपल्या सरकारच्या सी-डॅकने बनवलेले ‘बॉस’ आहे. फुकट आहेत, चोरीचे नाहीत आणि त्यांची अपडेट्स राजरोस येतात. आमच्या यंत्रावर आता मिंट आहे. मराठी टाइप होते, अर्ज भरले जातात, पीडीएफ होते. पहिले आठ दिवस मुलांनी कुरकुर केली, नंतर विसरली. आणि पनवेल महानगरपालिकेकडेही मागणी केली पाहिजे, की सार्वजनिक अभ्यासिकांना संगणक द्या तेव्हा सोबत ते सांभाळणारा माणूसही द्या. हा हक्काचा प्रश्न आहे, भेटवस्तूचा नाही.

आमची एक बाकी राहिली होती. पुढच्या रविवारच्या बैठकीत, ज्या मुलांसमोर ओरडलो होतो त्यांच्यासमोरच, आम्ही त्या मुलीची माफी मागितली. चूक कुठे झाली होती तेही सगळ्यांना सांगितले, क्रॅकसकट. ती म्हणाली, “माफी राहू द्या दादा, पासवर्ड माझ्याकडे द्या.” तेव्हापासून काही बसवायचे असेल तर आम्हालाही तिला विचारावे लागते. महिन्याच्या अखेरीस ती डाउनलोड फोल्डर रिकामे करते आणि वहीत तारीख टाकून सही करते. देखभालीसाठी वर्गणीच्या वहीत एक ओळ आली आहे, रक्कम लहान आहे.

भिंतीवरचा कागदही तिनेच बदलला. पाचवी सूचना आता अशी आहे : ‘अपडेट करा असे दिसले, तर कोण सांगतो आहे ते आधी बघा. नाही कळले तर विचारा. विचारले म्हणून कुणी ओरडणार नाही.’

जय भीम.